आईबापांना शिव्या घालण्याआधी दादरच्या शाळांचं रजिस्टर बघा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेले पंधरा दिवस तुमच्या पत्रांच्या पानावर मराठी शाळा बंद पडण्याबद्दल जी पत्रं येतायत ती मी रोज चहासोबत वाचतोय, आणि खरं सांगतो, डोकं तापतं. जो तो उठतो आणि आईबापांना झोडपतो. आईबापांना मराठीची लाज वाटते, आईला ‘मम्मी’ म्हणवून घ्यायची हौस, शेजारणीचा पोरगा टाय घालून जातो म्हणून आपलाही घालायचा. एका सद्गृहस्थांनी तर लिहिलंय की ‘मराठी बायकांनीच मराठी शाळा मारली’. वा! म्हणजे गिरण्या बायकांनी बंद केल्या, गोदीतली भरती बायकांनी थांबवली, आणि आता शाळा पण बायकांनीच मारली.

मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. भिवंडीत एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे, राहायला डोंबिवली, जन्म नायगावच्या चाळीतला. पण या विषयावर एक अभ्यास झालेला आहे, तोही दिल्ली-बंगलोरचा नाही, आपल्या दादरचा, आपल्याच मराठी घरांचा, आणि त्याबद्दल मराठी पेपरात मी तरी कधी वाचलेलं नाही. माझी मुलगी टी.वाय.ला आहे, इकॉनॉमिक्स घेऊन, तिच्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने तो डाऊनलोड केला होता. दोन रात्री बसून तिने मला तो समजावून सांगितला, निम्मं डोक्यावरून गेलं, पण जे कळलं ते असं कळलं की झोप लागेना, कारण त्यात आमचंच घर होतं. आता नाव नाही हो आमचं. पण होतं.

तर कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग नावाचे दोन अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी २००१-०२ च्या सुमारास दादरमधल्या शाळांची पहिलीच्या प्रवेशाची जुनी रजिस्टरं काढली, मराठी माध्यमाच्या पण आणि इंग्रजी माध्यमाच्या पण, मागच्या वीस वर्षांची. म्हणजे १९८२ पासून कुठल्या वर्षी कुणाचं पोर कुठल्या शाळेत पहिलीत आलं ते सगळं. मग त्यातून सुमारे ४९०० मराठी घरं निवडून त्या घरी माणसं पाठवली आणि विचारलं, की तुमची जात काय, बाप काय काम करतो, आई काय करते, ती नोकरी कुणी लावून दिली, नातेवाईक कुठे कामाला आहेत, पगार किती, तुम्ही स्वतः कुठल्या माध्यमात शिकलात. २००६ मध्ये हे ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या जर्नलमध्ये छापून आलं, मुलगी म्हणते या विषयात त्याच्यावरचं जर्नल नाही.

दादर का, हे मला विचाराल तर मी सांगतो, कारण तिथे दहा मिनिटांच्या चालीवर दोन्ही प्रकारच्या शाळा होत्या. एका बाजूला नावाजलेल्या मराठी शाळा, जिथे वकील-प्रोफेसरांची पोरं आणि गिरणी कामगारांची पोरं एका बाकावर बसायची, आणि दुसऱ्या बाजूला कॉन्व्हेंट. त्यामुळे ‘जवळ शाळाच नव्हती’ असं कुणाला म्हणता यायचं नाही. पैशाचा प्रश्न होता, नाही असं नाही, पण फक्त पैशाचा असता तर जे निघालं ते निघालंच नसतं.

काय निघालं ते ऐका. पहिली गोष्ट पगाराची. तेवढंच शिकलेली दोन माणसं, एक मराठी माध्यमातून दहावी झालेलं आणि एक इंग्रजी माध्यमातून, तर ऐंशीच्या दशकात इंग्रजीवाल्या पुरुषाला साधारण १५ टक्के जास्त मिळायचे. नव्वदच्या दशकात ते २४ टक्के झाले. बायकांचं बघा, ऐंशीत फरक जवळजवळ शून्य, आणि नव्वदीत एकदम २७ टक्के. १९९१ नंतर जे बदललं, बँका, खासगी ऑफिसं, कॉम्प्युटर, फोनवरची कामं, त्याचा हा परिणाम. आता तुम्ही म्हणाल (मी पण म्हटलंच) की इंग्रजी शाळेत जाणारी पोरं मुळातच खात्यापित्या घरची, त्यांना पगार जास्त मिळाला तर तो इंग्रजीचा की बापाच्या पैशाचा? बरोबर प्रश्न आहे. पण बापाचा पैसा ऐंशीत पण होता आणि नव्वदीत पण होता, मधे जी उडी आली ती बाजारामुळे आली, म्हणून ते एकाच वर्षाचा आकडा घेऊन बसले नाहीत, दोन काळांतला फरक बघितला. मला हे पटलं.

दुसरी गोष्ट खरी मोठी आहे. बाजार बदलला तसे वरच्या जातींतले लोक पटापट इंग्रजी शाळांकडे वळले, मुलगा असो की मुलगी. पण ज्या जातींतले लोक पिढ्यानपिढ्या गिरणीत, गोदीत, कारखान्यात, अंगमेहनतीच्या कामात होते त्यांच्यात एक विचित्र गोष्ट झाली. त्यांचे मुलगे मराठी शाळेतच जात राहिले आणि त्यांच्या मुली झपाट्याने इंग्रजी शाळेत जायला लागल्या. म्हणजे मुलींमधलं वरच्या जाती आणि खालच्या जाती यांच्यातलं अंतर कमी कमी होत गेलं आणि मुलग्यांमधलं तसंच राहिलं. आपल्याकडे मुलीला आधी मिळतं आणि मुलाला नंतर, असं कधी ऐकलंय का? इथे झालं.

का झालं? त्यांनी जे उत्तर दिलंय ते कुठल्याही चाळीतल्या म्हातारीने दिलं असतं. मुलाला ओळखीने नोकरी लागायची, मुलीला लागायची नाही.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिरणीत नोकरी अर्ज करून लागत नव्हती. जॉबर असायचा, मुकादम म्हणा, तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या नात्यातला माणूस आणायचा. गावाहून पोरगा यायचा, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायचा, खानावळीत जेवायचा, मग कुणीतरी मामा-काका त्याला खात्यात घेऊन जायचा, आधी बदली म्हणून आणि पुढे नशिबाने कायम. जॉबरला पण हे बरं होतं, कारण पोरगा कामचुकार निघाला तर काकाची मान खाली जाते म्हणून काकाच त्याच्यावर लक्ष ठेवायचा. गोदीत, रेल्वे वर्कशॉपमध्ये, म्युनिसिपालिटीत थोड्याफार फरकाने हेच. या सगळ्यात इंग्रजीचा संबंध काय? काही नाही. उलट पोरगा इंग्रजी शाळेत गेला तर तो खात्यात येणारच नाही, आणि आज तुमचा नाही आला, उद्या माझा नाही आला, की ही साखळीच तुटणार. म्हणून मग समाजच नकळत पोरांना त्याच वाटेला लावतो, बाहेरची वाट चांगली झाली तरी. संशोधकांनी हे मोठ्या शब्दांत मांडलंय पण मतलब हाच, की ज्या दोरीने पन्नास-साठ वर्षं आपल्याला वर ओढलं तीच दोरी पुढे पायात अडकली. आणि बायका मुळातच त्या दोरीच्या बाहेर. त्यांना जॉबर नाही, काका नाही, युनियन नाही. म्हणून त्या मोकळ्या होत्या.

आता माझं घर. वडील परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा मी अडीच-तीन वर्षांचा. अडीच लाख कामगार बाहेर पडले, कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांचा संप, तो अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या माझे वडील मरेपर्यंत संपावर होते असं आम्ही घरात म्हणायचो, हसून. ८५ ला मी पहिलीत. नाव कुठे घालायचं याची चर्चासुद्धा झाली नाही, मराठी शाळा. काका गोदीत होते आणि त्यांचं ठरलेलं वाक्य, दहावी होऊ दे, मग मी चिकटवतो. ९० ला बहिणीचं नाव घालायची वेळ आली आणि आई हट्टाला पेटली की हिला कॉन्व्हेंटला घालायचं. काका म्हणाले, पोरीवर कशाला खर्च. आई म्हणाली (हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, मी अकरा वर्षांचा होतो), ‘त्याला तुम्ही चिकटवाल भावजी, हिला कोण चिकटवणार? हिचं हिलाच बघायचंय, मग हिला इंग्लिश येऊ दे.’ आई चौथी शिकलेली. फीसाठी तिने खानावळीचे डबे घेतले.

पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. माझी दहावी झाली ९५ ला, तोवर गोदीत माणसं घेणं सोडाच, आहेत त्यांना घरी पाठवायच्या स्कीमा निघत होत्या. काकांनी मनापासून धडपड केली, त्यांचा दोष नाही, पण जिथे नोकरीच नाही तिथे वशिला काय करणार. मी कुरिअरपासून सुरुवात केली, मग ट्रान्सपोर्ट, मग गोडाऊन. बहीण बी.कॉम. झाली आणि मालाडला कॉल सेंटरला लागली, तिचा पहिला पगार माझ्या आठ वर्षांच्या नोकरीनंतरच्या पगाराएवढा होता. नाईट शिफ्ट म्हणून चाळीत काय काय बोलले लोक ते सोडा. आज ती ऐरोलीला एका बँकेच्या बॅक ऑफिसला टीम लीडर आहे.

आता सांगा, माझ्या आईला मराठीची लाज वाटत होती? ती मरेपर्यंत मालवणी सोडून दुसरं काही धड बोलली नाही. तिने हिशोब केला होता. आणि तो हिशोब सोळा वर्षांनी जर्नलमध्ये छापून आला, ४९०० घरांचा पुरावा लावून. म्हणून मी म्हणतो की ‘मराठी बायकांनी शाळा मारली’ लिहिणाऱ्या सद्गृहस्थांनी जरा हा अभ्यास वाचावा, नाहीतर निदान चाळीत जाऊन दोन म्हाताऱ्यांशी बोलावं.

पण मग इंग्रजी शाळा म्हणजे सोन्याची खाण, सगळ्यांनी तिकडेच पळा, असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. इथेच तर दुसऱ्या बाजूचे लोक, जे म्हणतात ‘मराठी शाळा बंद करा, जग कुठे चाललंय’, ते पण अर्धवट बोलतायत. अजून एक अभ्यास आहे, आझम, चिन आणि प्रकाश यांचा, २००५ च्या देशभरच्या घरांच्या पाहणीवरून केलेला. त्यात निघालं की जो पुरुष अस्खलित इंग्रजी बोलतो त्याला अजिबात न बोलणाऱ्यापेक्षा तासाला ३४ टक्के जास्त मिळतात, थोडंफार बोलणाऱ्याला १३ टक्के. इथपर्यंत सगळे वाचतात आणि जाहिरातीत टाकतात. पुढचं कुणी वाचत नाही, की वयस्कर कामगारांमध्ये कमी शिकलेल्यालाही इंग्रजीचा फायदा मिळत होता, पण तरुणांमध्ये तो फक्त जास्त शिकलेल्यांनाच मिळतोय. म्हणजे नुसतं इंग्रजी फाडफाड (तेही कुठे फाडफाड, मोडकंतोडकं) आणि दहावी-बारावीत गाडी थांबली, तर हातात काही येत नाही. आमच्या गोडाऊनला अशी पोरं रोज येतात. गल्लीतल्या कुठल्यातरी ‘इंटरनॅशनल’ शाळेत दहावीपर्यंत बापाने पोटाला चिमटा काढून फी भरलेली, आणि पोराला चलनावरचा हिशोब जुळवता येत नाही आणि इंग्रजीतला मेल पण लिहिता येत नाही. मराठी तर त्याहून नाही. त्याला मी स्कॅनिंगला लावतो, आणि आमच्या नागपूरच्या पलीकडून आलेल्या झेडपी शाळेतल्या पोराला, जो गणितात पक्का आहे, त्याला स्टॉकला. पगार दोघांना सारखाच म्हणा, तेही खरंय, पण दोन वर्षांत स्टॉकवाला वर जातो.

आंध्रात तर याची चक्क चिठ्ठ्या टाकून परीक्षा घेतली. मुरलीधरन आणि सुंदररामन यांचा अभ्यास, २०१५ ला छापून आला. गावागावांतल्या सरकारी शाळांतल्या पोरांना खासगी शाळेची फी भरायची स्कॉलरशिप दिली, पण सगळ्यांना नाही, लॉटरीने. म्हणजे दोन्ही बाजूंची घरं सारखीच, आईबाप दोन्हीकडचे हौशी, सगळ्यांनीच अर्ज केलेला, फरक फक्त नशिबाचा. चार वर्षांनी परीक्षा घेतली तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची पोरं सारखी! खासगी शाळेतल्या पोरांना हिंदी मात्र चांगलं यायला लागलं, कारण सरकारी शाळेत ते शिकवतच नव्हते. आता हे वाचून आपल्याकडे पहिलीपासून हिंदीवाले खूश होतील, होऊ देत, मागच्या वर्षी म्हणजे २०२५ ला एप्रिलमध्ये जीआर काढला आणि जूनच्या शेवटी मागे घेतला, त्या दोन महिन्यांत जेवढी भांडणं झाली त्याच्या निम्म्या वेळात ‘तिसरीच्या पोराला वजाबाकी येते का’ यावर कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. आणि हो, दुसरी बाजूही सांगतो, त्या खासगी शाळा तेवढंच काम सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षा कमी खर्चात करत होत्या. म्हणजे सरकारी शाळांवर पैसाच नाही असं रडणाऱ्यांनाही यात उत्तर आहे. कुठल्याच बाजूला हा अभ्यास पूर्ण सोयीचा नाही, म्हणूनच बहुतेक कुणी उचलत नाही.

मराठी शाळेतच काही करता येतं का, तर येतं, आणि त्याचाही पुरावा मुंबईतलाच आहे. ‘प्रथम’ संस्थेची बालसखी योजना. म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस पोरांना रोज दोन तास वेगळं बसवायचं आणि त्यांना त्याच वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुलगी शिकवणार, महिना पाचशे-साडेसातशे रुपयांत. शिकवायचं काय, तर चौथीचा पोर्शन नाही, जे येत नाही ते, अक्षर येत नसेल तर अक्षर. मुंबई आणि बडोद्यात याची तपासणी केली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे मंडळींनी, तेच ते २०१९ चे नोबेलवाले. (बॅनर्जींची आई माहेरची पाटणकर, जन्म मुंबईचा, हे आपण नोबेल मिळाल्या मिळाल्या पहिल्या पानावर छापलं, कामाबद्दल मात्र चार ओळी.) त्यांनी पण तेच केलं, काही शाळांत एका इयत्तेला बालसखी, काही शाळांत दुसऱ्या इयत्तेला, चिठ्ठ्या टाकून. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सगळ्या वर्गाचे मार्क सरासरी ०.२८ स्टँडर्ड डेव्हिएशनने वाढले. मला हे ०.२८ म्हणजे किती ते कळेना, मुलगी म्हणाली बाबा शिक्षणाच्या प्रयोगांत हे मोठं मानतात. आणि वाढ झाली ती मुख्यतः तळातल्या पोरांची. वर्गात मागे जी पोरं उरली, बाईंजवळ, आता वर्ग लहान झाला तरी त्यांच्यात काही वाढ नाही. म्हणजे पटसंख्या कमी केली की आपोआप शिक्षण सुधारतं हेही खोटं. हे आम्हाला मराठी शाळेत असताना कळलं असतं तर, आमच्या वर्गात साठ पोरं होती आणि मागच्या तीन बाकांना मास्तर ‘गोदी’ म्हणायचे, कारण ती सगळी गोदीतच जाणार. मी मधल्या बाकावर होतो.

पण लगेच टाळ्या नको, योजना संपल्यावर एका वर्षाने परत परीक्षा घेतली तेव्हा तो फायदा ओसरून ०.१० च्या आसपास आला होता. म्हणजे एक वर्ष करून सोडून द्यायचं काम नाही हे. आपल्याकडे योजना किती वर्षं टिकतात ते तुम्हाला माहीतच आहे, मंत्री बदलला की गणवेशाचा रंग बदलतो.

इंग्रजीचं म्हणाल तर २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. केवढा गहजब झाला होता तेव्हा. माझ्या वेळेला पाचवीत एबीसीडी, आणि दहावीला आठवी-नववीच्या पोराएवढं पण बोलता यायचं नाही. माझ्या मते मोरेंनी केलं ते बरोबर केलं, फक्त एक करायचं राहिलं, ते शिकवणार कोण हे बघायचं. ज्या बाईंना स्वतःला पाचवीपासून इंग्रजी आलेलं, त्यांच्या हातात पहिलीचं इंग्रजीचं पुस्तक दिलं. आईबाप मूर्ख नसतात हो. विषय छापलेला आहे आणि पोराला येत नाही हे त्यांना सहा महिन्यांत कळतं, आणि मग ते इंग्रजी माध्यमाच्या दारात उभे राहतात, तिथेही तीच बोंब असते, पण ते कळायला अजून चार वर्षं जातात आणि तोवर डोनेशन गेलेलं असतं.

मुलींच्या बाबतीत अजून एक सांगायचंय. रॉबर्ट जेन्सन म्हणून एक संशोधक, त्याने दिल्लीच्या आसपासच्या १६० गावांपैकी निम्म्या गावांत तीन वर्षं कॉल सेंटरच्या भरतीवाल्यांना नेलं, फक्त मुलींना माहिती द्यायला, की अशी नोकरी असते, एवढं इंग्रजी लागतं, असा अर्ज करायचा. बाकी गावांत काही नाही केलं. ज्या गावांत भरतीवाले गेले तिथल्या मुलींची लग्नं लांबली, जास्त मुली कामाला लागल्या, आणि ज्या लहान होत्या त्यांना आईबापांनी शाळेत जास्त ठेवलं, त्यांचं खाणंपिणंसुद्धा सुधारलं. कुणीही भाषण दिलं नाही की मुलगी वाचवा, मुलगी शिकवा. समोर नोकरी दिसली. हे वाचताना मला बहिणीच्या पहिल्या पगाराच्या पेढ्यांची आठवण झाली, त्यानंतर दोन वर्षांत आमच्या मजल्यावरच्या तीन घरांनी मुलींना कॉन्व्हेंटला टाकलं होतं. मुलगे तिथेच.

आता एक कबुली. हे सगळं वाचून झाल्यावर मुलगी मला म्हणाली, बाबा, मग तुम्ही मला सेमी इंग्लिशला आणि दादाला इंग्लिश मिडियमला का घातलं? मी गप्प. खरंच, आम्ही तेच केलं, पण उलटं. आता ओळखीच्या नोकऱ्या संपल्या, इंग्रजीतच पैसा आहे असं सगळ्यांना कळलं, तसा महागडा खर्च परत मुलावर आला. ‘असर’ म्हणून शिक्षणाच्या देशभरच्या पाहण्या होतात, त्यांत पण दिसतं म्हणे, खासगी शाळेत मुलगे जास्त, सरकारी शाळेत मुली जास्त. म्हणजे नव्वदच्या दादरमध्ये मुलींना जे मिळालं ते आपल्या पुरोगामीपणामुळे नाही मिळालं, तिच्यासाठी वशिला नव्हता म्हणून मिळालं. मुलीला मी म्हटलं, तेव्हा सोसायटीत सगळे तसंच करत होते. तिने ते वहीत लिहून घेतलं! प्रोजेक्टला वापरते म्हणाली.

दादा आता काय करतोय? इंजिनीयरिंग डिप्लोमा झाला आणि एका गाववाल्याच्या ओळखीने तळोज्याला काँट्रॅक्टवर लागलाय. म्हणजे दोरी अजून आहेच, फक्त तिच्या टोकाला आता कायम नोकरी नाही, अकरा महिन्यांचं पत्र आहे. ओळखीला मी पूर्ण नावं पण ठेवणार नाही, कोविडमध्ये आमचं घर गाववाल्यांच्या मंडळाने आणि भिशीने चाललं, कुठल्या बँकेने नाही. याच मुन्शी-रोझेनझ्वाइग जोडीचा २०१६ चा दुसरा अभ्यास त्यावरच आहे, की गावात जातभाई अडीअडचणीला पैसे उभे करतात, तो एक विमाच असतो, आणि तो सुटेल या भीतीने माणूस शहरात जास्त पगार असूनही गाव सोडत नाही. जो आधार देतो तोच धरून पण ठेवतो. आमच्या मंडळाच्या मीटिंगला मी हे सांगितलं तर अध्यक्ष म्हणाले वर्गणी भरली का तुम्ही.

असो, पत्र लांबलं, तुम्ही कापणार हे माहीत आहे, पण पुढचं तेवढं कापू नका.

माझी मागणी एकच आहे आणि ती अनुदानाची नाही. हा दादरचा अभ्यास होऊ शकला कारण शाळांनी पहिलीच्या प्रवेशाची रजिस्टरं जपून ठेवली होती, आपण ज्याला जनरल रजिस्टर म्हणतो ते, लाल कापडी बांधणीचं, दाखल क्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, वडिलांचा धंदा. आज ज्या मराठी शाळा बंद होतायत, एकमेकांत विलीन होतायत, त्यांची ही रजिस्टरं कुठे जातायत? माझ्या स्वतःच्या शाळेत (नाव लिहीत नाही, उगाच कुणाची नोकरी जायला नको) मी दोन वर्षांपूर्वी दाखल्याच्या कामाला गेलो होतो तर जिन्याखाली ओलीने फुगलेले गठ्ठे होते आणि शिपाई म्हणाला, साहेब, तुमचं वर्ष सापडलं तर तुमचं नशीब. माझं सापडलं. ८५ चं. वडिलांचा धंदा या रकान्यात ‘गिरणी कामगार’ लिहून त्यावर काट मारून ‘बेकार’ केलेलं आहे, वेगळ्या शाईत.

त्या अभ्यासात जी पोरं २००१ ला पहिलीत होती ती आता तिशीत आहेत, त्यांची स्वतःची पोरं पहिलीत जायला लागली आहेत. निम्मे लोक दादर सोडून डोंबिवली, बदलापूर, विरारला आलेत. ती घरं परत शोधून आज कोण काय करतंय, कुठल्या माध्यमाचं पुढे काय झालं, मुलीची आघाडी टिकली की लग्नानंतर नोकरी सुटली, हे विचारायला हवं. विद्यापीठाच्या इकॉनॉमिक्स डिपार्टमेंटने करावं, सरकारने करावं, कुणीही करावं, माझ्या मुलीसारखी वीस पोरं फुकट घरोघर फिरायला तयार होतील, तिच्या वर्गात मी विचारून घेतलंय. पण त्यासाठी आधी ती रजिस्टरं रद्दीत जाता कामा नयेत. शिक्षण खात्याने एक साधं पत्रक काढावं, की बंद होणाऱ्या प्रत्येक शाळेचं जनरल रजिस्टर स्कॅन करून ठेवा. मोबाइलने फोटो काढले तरी चालतील, आमच्या गोडाऊनला आम्ही रोज चारशे चलनं तशीच स्कॅन करतो.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)